स्वखुशीचा कागद

१२ ऑगस्ट १९८६

आजही भट्टी पेटली नाही. या महिन्यात चौथ्यांदा. भट्टी नसली की फौंड्रीत इतकी शांतता असते, की माझ्या टाइपरायटरचा आवाज पार फाटकापर्यंत येतो असं वॉचमन म्हणाला.

सकाळी साहेबांनी पुण्याच्या कंपनीला पत्र सांगितलं. तेरा वर्षं तुमच्या कॉम्प्रेसरच्या बॉड्या आम्हीच ओतून देतोय, निदान निम्मी ऑर्डर तरी ठेवा, अशा अर्थाचं. उत्तर काय येणार हे सा.ना ठाऊक आहे. मलाही. मागच्या पत्रात त्यांनी स्पष्टच लिहिलंय: आता आयात खुली झालीय, कोरियाहून अख्खा तयार कॉम्प्रेसर येतो, आणि तो आपल्या नुसत्या ओतकामापेक्षा परवडतो.

दुपारी डबा खायला कोअर शॉपमध्ये बसले. ओतकाम आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे कोअर करणाऱ्या नऊजणी. वाळू, मळी आणि तेलाचा वास त्यांच्या लुगड्यांतून जातच नाही. आता मला तो वास येईनासाही झालाय, अकरा वर्षं झाली. हौसाबाईनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "बाई, खरं काय ते सांगा की. बंद हुतंय व्हय?"

म्हटलं, "मला कुठलं कळतंय? मी आपली टाइप करणारी."

"तेच की. टाइप करतासा म्हंजे वाचतासा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पत्राची कार्बन कॉपी अजून माझ्या टेबलावर होती.

२१ ऑगस्ट

पुण्याचं उत्तर आलं. तीन ओळी. सा.नी वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. मग म्हणाले, "फाइलला लावा."

बंद होणार. पुरुषांची युनियन आहे, त्यांना कायद्यानं कमी करावं लागेल. नोटीस, भरपाई, सगळं. बायांना युनियनमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. एकदा कोअर शॉपमधल्या शेवंतानं वर्गणी देऊ केली होती तर पुढारी म्हणाले, तुमी कशाला येतासा यात, तुमचं आमी बघतो की.

घरी यांना सांगितलं. म्हणाले, "आणि तुझं काय?" माझं काय ते मी सा.ना विचारलेलं नाही. विचारायला भीती वाटते. नगरपालिकेतल्या कारकुनाच्या एका पगारात घर चालणार नाही असं नाही. चालेल. पण सुलूचं कॉलेज, आणि मला माझ्या टेबलाची सवय झालीय.

३० ऑगस्ट

आज सा.नी डिक्टेशन दिलं. इंग्रजीत. मी अमुक अमुक, घरगुती अडचणींमुळे, स्वखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय नोकरीचा राजीनामा देत आहे. नाव आणि तारखेची जागा मोकळी ठेवायची. नऊ प्रती.

विचारलं, "सर, या बाया राजीनामा देणार म्हणाल्यात?"

वर न बघता म्हणाले, "देतील. तुम्ही समजावून सांगा. तुमचं ऐकतात."

मी उठत होते तर परत म्हणाले, "तुम्हाला मी शेवटपर्यंत ठेवणार आहे. तुम्हाला कमी केल्याचं पत्र रीतसर देईन. नंतर मेव्हण्याच्या ऑफिसात शब्द टाकतो." रीतसर या शब्दावर जोर.

नऊ प्रती टाइप केल्या. एकाही प्रतीत चूक नाही. मला वाटलं होतं एखादी तरी होईल.

४ सप्टेंबर

झालं.

चहानंतर कोअर शॉपमध्ये गेले. शाईचा पॅड, पेन, नऊ कागद. कोअर भाजायचा ओव्हन बंद होता तरी सगळ्या नेहमीच्या जागेवर बसलेल्या. म्हटलं, सह्या पाहिजेत.

शेवंता म्हणाली, "कशाच्या वो?"

मी म्हटलं, "हिशेबाचा कागद हाय. ह्यावर सही केली की पैसे लवकर मिळतील." त्यांच्यासारखंच बोलले. हाय म्हटलं. एरवी मी त्यांच्याशी असं बोलत नाही.

सहाजणींचे अंगठे मीच धरून पॅडवर टेकवले. कोअरच्या वाळूनं बोटं इतकी घासलेली, की दोघींचे ठसे उठेचनात, परत घ्यावे लागले. तिघींना सही येते. हौसाबाई गेल्या साली प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली. पेन घट्ट धरून तिनं नाव लिहिलं, वर काना-मात्रा तपासून बघितली, आणि कागद माझ्याकडं दिला.

खाली साक्षीदार म्हणून माझी सही. नऊ वेळा.

५ सप्टेंबर

डोकं दुखतंय म्हणून गेले नाही. खरं म्हणजे दुखत नव्हतं.

२० सप्टेंबर

बायांचं काम काल संपलं. जाताना नऊहीजणींनी कोअर शॉप झाडून काढलं, ओव्हनची दारं पुसली. सांगितलं नव्हतं कुणी. हौसाबाई ऑफिसच्या दाराशी येऊन म्हणाली, "येतो बाई." मी मान हलवली. फोनवर असल्यासारखं केलं. फोनवर कुणी नव्हतं.

९ ऑक्टोबर

दसरा तोंडावर आलाय आणि यंदा मशिनं पुसायला कुणी नाही. पुरुषांनाही गेल्या आठवड्यात नोटिसा मिळाल्या. आता मी, सा. आणि वॉचमन.

आज सरकारी परिपत्रक आलं. बाहेरच्या मालामुळे जे कारखाने बंद पडले, तिथल्या कामगारांना सरकार मदत देणार. सहा महिने निर्वाह भत्ता आणि नवं काम शिकायला फुकट वर्ग. वायरमन, मोटार वायंडिंग, शिवण, ऑफिसचं काम, बरीच यादी आहे. अट एकच. कारखान्यानं कमी केलंय असा मालकाचा दाखला पाहिजे. स्वतःहून सोडलेल्यांना मिळणार नाही.

ती ओळ तीनदा वाचली. मग सा.च्या टेबलावर परिपत्रक ठेवलं.

पुरुषांचे दाखले टाइप करायला सांगितले. मी विचारलं, "आणि कोअर शॉपच्या बायांचे?"

"त्यांनी तर राजीनामे दिलेत ना?" सा. म्हणाले. जणू मलाच माहीत नाही.

नंतर थोडं थांबून, "हे असं काही निघेल असं मला तरी कुठं ठाऊक होतं?" तेही खरंच असावं.

१६ ऑक्टोबर

शेवटचा दाखला माझा. मीच टाइप केला, सा.नी सही केली. 'बाहेरील मालाच्या स्पर्धेमुळे काम कमी झाल्याने कमी करण्यात आले.' वाचताना पहिल्यांदा जाणवलं, की हे वाक्य माझ्याबद्दल खरं आहे. आणि हेच वाक्य त्या नऊजणींबद्दलही तितकंच खरं आहे.

मेव्हण्याच्या ऑफिसचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर

मदत मंजूर. पत्र आलं. मला टेलेक्स आणि इलेक्ट्रॉनिक टाइपरायटरचा वर्ग मिळालाय, सोमवारपासून. हे खूश. सुलू म्हणाली, आई परत शाळेत चालली. पत्र मी देवासमोर ठेवलं नाही. सासूबाई असत्या तर ठेवायला लावलं असतं.

३ डिसेंबर

आज संध्याकाळी हौसाबाई घरी आली. शहरातलं आमचं घर तिनं विचारत विचारत शोधलं. तिच्या गावाहून, उचगावहून, चालत. तिला दारात बघितल्यावर माझ्या हातातलं पातेलं मी उगाचच परत ओट्यावर नेऊन ठेवलं.

आत ये म्हटलं तर पायरीवरच बसली. पदराच्या गाठीतून सरकारी लिफाफा काढला. नऊहीजणींनी ग्रामपंचायतीतून अर्ज केले होते, मला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांना एकच उत्तर.

"वाचा की बाई."

वाचलं. आपण स्वखुशीनं नोकरी सोडल्याने मदतीस पात्र नाही.

"चुकलंय त्यांचं," ती म्हणाली. "मी कवा सोडलं काम? चौदा वर्सांत आजारपणाच्या बी चार सुट्ट्या न्हाईत माझ्या. तुमीच लिवून द्या की तसं. तुमचं अक्षर सायबलोकांस्नी कळतं."

मी विचारलं, मदत मिळाली तर कुठला वर्ग घेणार.

"मोटार वायंडिंग."

मी थोडी हसले असणार, कारण तिनं दोन्ही हात पुढं केले. "ही बोटं बघा. बोटाएवढा कोअर माझ्या हातनं मोडत न्हाय. तांब्याची तार काय मोडती? गावात बघंल तिथं पंप जळत्यात. तिघं वायंडर हाईत, तिघं बी दारू पित्यात. ह्यात कुणाचं उपकार घ्यायचं काय हाय?"

नवरा तिचा पायानं अधू. दोन मुली. तिनं हे सांगितलं नाही, मला आधीपासून माहीत आहे.

अर्ज लिहून दिला, नऊहीजणींच्या नावानं. टाइप करून. 'कागदाचा मजकूर न कळता अनवधानाने सही झाली.' कुणामुळे, ते लिहिलं नाही. वाक्य इतकं गुळगुळीत झालं, की कुणाचं बोट अडकायला जागाच नाही. अकरा वर्षं हेच शिकले.

८ डिसेंबर

हौसाबाईनं काकवीची कळशी पाठवली. गुऱ्हाळावर कामाला जाते सध्या. यांनी दोन वेळा पोळीबरोबर खाल्ली, म्हणाले, अस्सल आहे. मी चाखलीही नाही.

६ जानेवारी १९८७

आज सुनावणी.

कामगार कचेरी, दुसरा मजला. नऊहीजणी आलेल्या. पेटीतली लुगडी नेसून. अर्ज मीच लिहिलेला म्हणून बायांनी मला बरोबर यायला सांगितलं होतं. मी मागं भिंतीजवळच्या बाकावर बसले. अधिकारी तरुण, चष्मा, आवाज बरा. टेबलावर ते नऊ कागद. सा. आले नव्हते, वकिलामार्फत कागद पाठवलेले.

हौसाबाईला पहिली बोलावली.

"ही तुमचीच सही?"

"व्हय."

"मग यात काय लिहिलंय ते माहीत नव्हतं?"

"इंग्रजीत हुतं सायेब."

"सही घेताना कुणी काही सांगितलं असेल ना? कुणी सांगितलं?"

हौसाबाईनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. सगळ्या खोलीत मला तेवढंच दिसत होतं. आता माझं नाव घेईल, घेऊ दे, मग मला उठून बोलायला सोपं जाईल, असं मनात आलं. हे मुद्दाम लिहून ठेवते. असं मनात आलं.

ती परत पुढं वळली. "आठवत न्हाय, सायेब."

शेवंता काहीतरी पुटपुटली. अधिकाऱ्यानं हौसाबाईचं उत्तर लिहून घेतलं. बाकीच्या आठहीजणींनी तेच सांगितलं. मी खिडकीच्या गजांकडं बघत बसले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हौसाबाई..."

"बस चुकंल," ती म्हणाली.

स्टॉपवर बाकीच्या जरा पुढं उभ्या होत्या. तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला त्याच दिशी कळालं हुतं, बाई. कवा बी कागद वाचून दावताना तुमी आमच्या तोंडाकडं बघतासा. त्या दिशी बघितलं न्हाई."

"मग सही का केली?"

"सगळ्यांनी केली. आन् तुमी आनलाय म्हनल्यावर."

"आत का नाही सांगितलं मग?"

"मी सांगायचं व्हय त्ये?" एवढंच. मग, "वाट बघत थांबलो हुतो. तुमी उठशिला म्हनून."

बस आली. चढल्या. मी चढले नाही.

७ जानेवारी

म्हणजे ३ डिसेंबरला अर्ज लिहून घ्यायला आली तेव्हाही तिला ठाऊक होतं. पायरीवर बसून, माझं अक्षर चांगलं म्हणत होती तेव्हाही.

अर्ज लिहिताना मी सांगावं म्हणून आली होती. मी 'अनवधानाने' असं लिहिलं.

आणि वर काकवी पाठवली.

८ जानेवारी

यांना सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू नोकर होतीस. साहेबांनी सांगितलं ते केलंस. नाही केलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं."

म्हटलं, दुसरं कुणी तिथं नव्हतं. मीच होते.

"आता कबूल करून त्यांना काय मिळणार? तुझं मात्र जाईल. वर खोटी साक्ष म्हणून खटला झाला तर? सुलूला स्थळं बघायची आहेत दोन वर्षांत."

ते चुकीचं बोलत नाहीत. त्याचाच त्रास होतो.

१५ जानेवारी

संक्रांत काल. आज बाजारात शेवंता भेटली. भेटली कसली, गाठली. तिच्याबरोबर दोघी अनोळखी बाया. भर मंडईत माझ्याकडं हात करून म्हणाली, "हीच ती बाई. अंगठा धरून आमच्या पोटावर पाय दिलेली. आन् सोता घेतीया सरकारचा भत्ता."

भाजीवाली बघायला लागली. एक ओळखीचे मास्तर होते, त्यांनी मान दुसरीकडं वळवली. मी म्हटलं, "शेवंता, ऐका तरी..."

"काय ऐकू? तिळगूळ देतासा काय?"

मेथीची पेंडी तशीच टाकून निघाले. सगळा रस्ताभर मला वाटत होतं की मागून कुणीतरी माझं नाव घेऊन चाललंय. वळून बघायचं धाडस झालं नाही. घरी आल्यावर मात्र एक लक्षात आलं. ती बोलली त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

१९ जानेवारी

वर्गात आज टेलेक्सची परीक्षा. पहिली आले. मास्तर म्हणाले, तुम्हाला नोकरी लगेच लागेल. खुर्चीवरून उठावंसं वाटेना. पलीकडच्या खोलीत मोटार वायंडिंगचा वर्ग चालतो, दार उघडं होतं. बारा पुरुष. दोन खुर्च्या रिकाम्या.

२८ जानेवारी

गेले. यांना सांगितलं नाही.

निवेदन घरी हातानं लिहून नेलं होतं. मराठीत. टाइप केलं नाही. जुनी शॉर्टहँडची वहीही नेली. तीस ऑगस्टचं डिक्टेशन त्यात आहे. राजीनामे चार सप्टेंबरचे. म्हणजे बायांच्या मनात येण्याआधी पाच दिवस त्यांचा राजीनामा माझ्या वहीत लिहिलेला होता.

अधिकाऱ्यांनी निवेदन दोनदा वाचलं.

"साक्षीदार म्हणून सही तुमचीच आहे."

"हो."

"म्हणजे मजकूर तुम्हाला माहीत होता."

"मीच टाइप केला."

"आणि तुम्ही स्वतः मदत घेताय."

"हो."

"हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत? तुम्ही इथंच होतात. त्या बाकावर."

मी म्हटलं, "लाज वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटते."

त्यांनी वही उघडून बघितली. "ही चिन्हं मला काय कळणार?" म्हणून वरच्या मजल्यावरून एका स्टेनो मुलीला बोलावलं. कोवळी पोर, वीस-बावीस वर्षांची. ती माझं शॉर्टहँड अडखळत वाचायला लागली. फ्री विल... विदाउट एनी प्रेशर... मग आधी सुटलेल्या एका शब्दावर परत आली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "मॅडम, हे डोमेस्टिक आहे का?"

म्हटलं, "हो. डोमेस्टिक डिफिकल्टीज."

तिनं मला मॅडम म्हटलं.

प्रकरण परत उघडतो म्हणाले. वर पाठवावं लागेल. तोपर्यंत माझी मदत थांबणार. नियमच आहे.

२९ जानेवारी

यांना सांगितलं. जेवणाच्या ताटावरून उठले नाहीत, शेवटपर्यंत जेवले. मग हात धुऊन सरळ झोपायला गेले. सुलूला वाटलं भांडण झालंय. तिला काय सांगू? सांगितलं. थोडक्यात. ती म्हणाली, "त्यांना वाचता येत नव्हतं आणि तू..." वाक्य पुरं केलं नाही तिनं. सोळा वर्षांची आहे. यांच्यासारखं समजावलं असतं तर बरं वाटलं असतं.

११ फेब्रुवारी

सा. घरी आले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, दाढी वाढलेली. गाडी नव्हती. खुर्चीवर बसले, चहा घेतला नाही.

"मला आनंद झाला का फौंड्री बंद करून?" म्हणाले. "वडिलांनी पहिली भट्टी रस्त्याच्या कडेला लावली होती. ती कोरियाची माणसं मी डोळ्यांनी बघितलीसुद्धा नाहीत. कामगारांना सरकार आहे. मला कोण देणार भत्ता?"

म्हटलं, सर, त्या बायांना दाखले द्या. एवढं केलंत तर सगळं मिटेल.

"दाखले दिले म्हणजे मी आधीचे कागद खोटे म्हणून कबूल केलं. भरपाई द्यावी लागेल. कुठून देऊ?" मग उठता उठता, अगदी सौम्य आवाजात: "आणि एक बघा. त्या कागदांवर माझी सही कुठंच नाही. तुमची आहे. शॉर्टहँडच्या वहीतही तुमचंच अक्षर."

दारापर्यंत पोचवायला गेले. सवयीनं. पायऱ्या उतरताना त्यांचा तोल गेला, मी हात धरला. सोडला तेव्हा माझ्याच हाताचा राग आला.

२५ फेब्रुवारी

मदत थांबल्याचं पत्र. वर्गातही येऊ नका. टेलेक्सच्या मास्तरांना विचारलं, निदान बसू द्या. ते म्हणाले, हजेरीत नाव नसलं की अडचण.

शेजारच्या वहिनींनी विचारलं, क्लास संपला का? म्हटलं, संपला. परत एक खोटं. लहानसं. पण तोंडात किती चटकन येतं.

१८ मार्च

अधिकाऱ्यांची बदली झाली. रत्नागिरीला. तारखेची चौकशी करायला गेले तर टेबल रिकामं, फायली सुतळीनं बांधलेल्या. नवे साहेब कोण, कधी येणार, कुणाला माहीत नाही. कारकून म्हणाला, आले की पहिल्यापासून ऐकून घेतील, सगळ्यांना परत बोलवावं लागेल.

म्हणजे परत सगळं.

२१ मार्च

उचगावला जाऊन आले. कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मलाच.

हौसाबाई दारात चिंचा फोडत बसली होती, दोन्ही मुली आणि ती. कुठल्याशा व्यापाऱ्याचं काम, घरी बसून. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. नवरा आतून म्हणाला, "कोन पावणं हाईत?" तिनं मला पाट दिला. पाणी दिलं.

बदलीचं सांगितलं. तिनं ऐकलं. हात चालूच होते.

"म्हंजे ह्या सायबाला सांगितलं त्ये वाया गेलं म्हना."

"वाया नाही. कागद फायलीत आहेत. पण नवीन साहेब परत विचारणार."

"परत सगळ्यांस्नी जायाचं. एक दिस बुडतोय. शेवंता यायची न्हाई, तिनं सांगितलंया."

मी म्हटलं, "मी तिच्याकडं जाऊन सांगते."

"जावा," ती म्हणाली. "दारात तरी घेती का बघा."

धाकटी मुलगी हसली, मोठीनं तिला कोपरानं डिवचलं. मग हौसाबाईनं पहिल्यांदाच हात थांबवून सरळ माझ्याकडं बघितलं.

"नव्या सायबाम्होरं परत उठून सांगशिला? आमच्या समद्यांच्या देखत?"

"सांगीन."

"बघू," म्हणाली, आणि परत चिंच उचलली.

अठरा तारखेला एक लिहिलं नाही. कचेरीतल्या कारकुनानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, आता प्रकरण थंड पडलंय. निवेदन मागं घेत असल्याचा अर्ज दिलात, गैरसमजातून लिहिलं म्हणालात, तर तुमची मदत महिन्याभरात सुरू होईल. उरलेला वर्गही मिळेल. त्यानं कोरा छापील अर्ज दिला. नको म्हणायला पाहिजे होतं. घेतला.

आज हौसाबाईसमोर बसले होते तेव्हा तो माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. त्याबद्दल बोलले नाही. घरी येऊन चार तास झाले. अजून फाडलेला नाही.